कंस मिटवलास का?

आमच्याकडे पोळ्या करायला ज्या मावशी येतात, त्यांची मुलगी दहावीनंतर कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला लागली. (नाव लिहीत नाही. "आजी, माझं नाव टाकायचं नाही हं" अशी तिची अट आहे.) मराठी माध्यमाची, गणितात चांगली, अक्षर तर असं की मी बत्तीस वर्षं मास्तरकी करूनही फार थोड्या मुलांचं तसं पाहिलं. दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला असेल, मावशी कणीक मळता मळता म्हणाल्या, "काकू, ती कॉलेज सोडते म्हणतीय."

मी चहाचा कप खाली ठेवला. "का गं? फीचं काही?"

"फी नाही. कॉम्प्युटर रोज मला बाद करतो म्हणे. बाकीच्या पोरांचं चालतं, हिचंच चालत नाही."

बाद! हा शब्द मला असा काही लागला की बस. क्रिकेटमध्ये बाद, मतपत्रिका बाद, चलनी नोट बाद. पण सोळा वर्षांची मुलगी बाद? म्हटलं, संध्याकाळी पाठवून द्या तिला. आता कॉम्प्युटरचं माझं ज्ञान म्हणजे मराठी टंकलेखन, ईमेल आणि हे लिखाण. प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. पण मूल रडत असेल तर आधी जवळ बसवून घ्यायचं, विषय कुठलाही असो, एवढं मला येतं.

ती आली. सोबत कुणा नातेवाइकाने वापरून दिलेला जुना लॅपटॉप, विंडोज ७ वाला. जेवणाच्या टेबलावर ठेवला. प्रोग्रॅम अगदी लहान होता. पहिल्या ओळीत मराठीचे गुण विचारायचे, दुसऱ्या ओळीत गणिताचे गुण विचारायचे, तिसऱ्या ओळीत बेरीज छापायची. भाषा पायथन. तिने बटण दाबलं आणि लाल अक्षरांत उत्तर आलं: लाइन २, सिंटॅक्स एरर, इन्व्हॅलिड सिंटॅक्स.

"बघा," ती म्हणाली. "असंच म्हणतो."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सिंटॅक्स म्हणजे वाक्यरचना, हे मला बीएला असल्यापासून ठाऊक. इन्व्हॅलिड म्हणजे अवैध, म्हणजेच तिचं 'बाद'. तिचं भाषांतर चुकीचं नव्हतंच मुळी! आता दुसरी ओळ बघू. दोघींनी मिळून दुसरी ओळ अक्षर न् अक्षर तपासली. स्पेलिंग बरोबर, कंस बरोबर, अवतरणचिन्हं बरोबर. तिने ती ओळ पुसून पुन्हा लिहिली. पुन्हा बाद. मग वहीत बघून लिहिली. बाद. पाऊण तास गेला. शेवटी मी शिक्षकी खोडीने पहिली ओळ मोठ्याने वाचायला लावली, कंसासकट. "कंस सुरू, कंस सुरू, अवतरण सुरू, अवतरण पूर्ण, कंस पूर्ण..." आणि ती थांबली.

दोन कंस उघडले होते. मिटवला होता एकच.

पहिल्या ओळीत! मशीन मात्र पाऊण तास दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवत होतं.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हटलं, हे असं खोटं कसं काय बोलतं रे तुमचं मशीन? तो हसला. "आत्या, खोटं नाही बोलत. त्याला जिथे कळेनासं झालं ती जागा ते सांगतं." मग त्याने समजावलं. कंस उघडा असला की पायथन ओळ संपली असं मानतच नाही, वाक्य पुढे चालू आहे असं धरून खालच्या ओळीत शिरतं. तिथे त्याला एक भलतंच नाव भेटतं, ते काही त्या वाक्यात बसत नाही, आणि ते ठेचकाळतं. ठेच लागली तिथे निशाण. खड्डा मात्र वरच्या ओळीत.

हे मला लगेच पटलं, कारण शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना असंच होतं. मुलाने अवतरणचिन्ह उघडलं आणि मिटवायला विसरला की आपण वाचत जातो, वाचत जातो, आणि तीन ओळी खाली लक्षात येतं की बोलणं केव्हाच संपलं, आता लेखक बोलतोय. फरक इतकाच की शिक्षक मागे जातो आणि जिथे चिन्ह हवं होतं तिथे खूण करतो. निदान जावं.

भाचा पुढे म्हणाला, "तिच्या लॅपटॉपवरचं पायथन जुनं आहे, ३.८. माझ्याकडे नवं आहे, थांब." त्याने तोच चुकलेला प्रोग्रॅम आपल्या मशीनवर चालवला आणि जे आलं ते वाचून दाखवलं. लाइन १, आणि मग थेट: हा कंस कधी मिटवलाच नाही. इंग्रजीतच, 'वॉज नेव्हर क्लोज्ड', पण किती सरळ! पाचवीच्या मुलाला कळेल. कुठे चुकलं, काय राहिलं, दोन्ही एका ओळीत. आमचा पाऊण तास चार शब्दांत आटोपला.

म्हटलं मग हेच का नाही तिच्याकडे? तर त्याचं उत्तर ऐकून मी गप्प झाले. पायथन १९९१ सालचं. हे शहाणपणाचे निरोप आले ऑक्टोबर २०२१ मध्ये, ३.१० या आवृत्तीत. त्याआधी २०२० साली ३.९ मध्ये त्याचं वाक्य वाचायचं यंत्रच बदललं होतं, म्हणून पुढचं शक्य झालं. पाब्लो गालिंदो साल्गादो नावाच्या स्पॅनिश माणसाने त्यात खूप काम केलं आहे. आणि विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८. त्यापुढची तिथे चढतच नाही.

म्हणजे बघा. ज्याच्याकडे नवा लॅपटॉप, त्याला मशीन म्हणतं 'कंस मिटवायचा राहिला'. जिच्याकडे वापरून दिलेला, तिला म्हणतं 'बाद'. आणि घरी विचारायला कुणी नाही ते मूल बहुतेक दुसऱ्या प्रकारचंच असतं. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण मावशींना मी सांगितलं की तुमच्या मुलीचं डोकं चांगलं आहे, तिच्याशी बोलणारं मशीन जुनं आहे. त्यांना कितपत पटलं कोण जाणे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण कॉम्प्युटरचं नव्हतं.

सातवी-आठवीच्या निबंधाच्या वह्या मी ढिगाने तपासल्या. साठ मुलांचा वर्ग, दोन वर्ग, महिन्याला दोन निबंध. हात भरून यायचा. मग लाल शाईचे ठरलेले शेरे. 'अक्षर सुधारा.' 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्या.' आणि माझा सगळ्यात आवडता, 'वाक्यरचना सदोष.' इन्व्हॅलिड सिंटॅक्स! तंतोतंत. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी मी हाताने तेच लिहीत होते जे हे मशीन लिहितं. एक मुलगा होता, धनगरवाड्यावरून यायचा, घरची बोली वेगळी. त्याच्या वहीत हा शेरा मी किती वेळा लिहिला असेल. एकदा मधल्या सुट्टीत वही घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, कोणतं वाक्य?" मी घाईत होते. म्हटलं, "शोध की. तुझं तुला कळायला हवं." तो गेला. पुन्हा विचारायला आला नाही. पुढे त्याचे निबंध चार-पाच ओळींचे यायला लागले. कमी लिहिलं की कमी चुकतं, हे मुलं फार लवकर शिकतात. मी त्याला आळशी समजले.

असो. तो आता पन्नाशीचा असेल.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघींनी एक दोनशे पानी वही घातली. डाव्या पानावर मशीनचा निरोप, जसाच्या तसा इंग्रजीत. उजव्या पानावर त्याचा मराठीत अर्थ. सुरुवातीला मी मोठ्या उत्साहाने लिहिलं: 'अवैध वाक्यविन्यास'. तिने वाचलं आणि फिस्सकन हसली. "आजी, हे तर त्याहून अवघड आहे." खरंच होतं. पदनाम कोशाच्या थाटाचं मराठी लिहून मी त्या बाद शब्दाला नुसता शालजोडी घातला होता. मग ठरलं की उजव्या पानावर शब्दाला शब्द लिहायचा नाही. काय झालं आणि कुठे बघायचं, ते लिहायचं. 'कुठेतरी कंस, अवतरण किंवा विसर्गासारखे दोन ठिपके राहिलेत. ही ओळ बघ, नाही सापडलं तर वरची ओळ बघ.' हे तिला चाललं.

डावं पान इंग्रजीत ठेवायचं कारण भाच्याने सांगितलं. निरोप शब्दशः इंटरनेटवर शोधला की जगभरच्या लोकांनी दिलेली उत्तरं मिळतात. निरोपच मराठीत आला तर शोधणार काय? मला हे आधी रुचलं नाही, पण बरोबर आहे. हेडी नावाची एक शिकाऊ प्रोग्रॅमिंग भाषा फेलिएने हर्मन्स या डच बाईंनी २०२० मध्ये काढली. तिच्यात आज्ञाही आपापल्या भाषेत लिहिता येतात, हिंदीसुद्धा आहे. लहानांना सुरुवात करायला छानच. पण आमच्या बाईसाहेबांच्या परीक्षेला ती नाही ना.

वहीतल्या गमती सांगते. बहुतेक घोटाळा शब्दांचा. 'स्ट्रिंग' म्हणजे तिला दोरी माहीत, इथे तो अक्षरांचा सर आहे. 'आर्ग्युमेंट' म्हणजे मला वाद माहीत. 'एक आर्ग्युमेंट कमी पडलं' असं मशीन म्हणालं तेव्हा मी म्हटलं, बाई गं, आमच्या घरात कधी कमी पडत नाही! (इथे त्याचा अर्थ, काम सांगताना सोबत द्यायची वस्तू. पोळी लाट म्हटलं तर गोळा द्यायला हवा, तसं.) अवतरणचिन्ह मिटवायचं राहिलं की हिचं जुनं पायथन म्हणायचं 'इओएल व्हाइल स्कॅनिंग स्ट्रिंग लिटरल'. इओएल म्हणजे ओळीचा शेवट, हे कुणी सांगायचं? अक्षरं आणि आकडा एकत्र मिळवायला गेलं की येणारा 'कॉन्कॅटिनेट' हा शब्द तर माझ्या जुन्या कोशात बघावा लागला. म्हणजे साधं 'जोडणे'.

नंतर भाच्याने मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. मार्सो, फिस्लर आणि कृष्णमूर्ती या तिघांनी अमेरिकेत २०११ साली नवशिक्या विद्यार्थ्यांचं नेमकं हेच तपासलं, आणि निरोपांमधले शब्दच मुलांना नीट कळत नाहीत असं त्यांना दिसलं. तिथल्या मुलांची ही गत, मग आमच्या पोरीने काय करावं? तिला आधी इंग्रजी, मग त्या इंग्रजीच्या आतलं दुसरं इंग्रजी. आणि १९८२ साली बेन श्नायडरमन नावाच्या प्राध्यापकांनी लिहून ठेवलं होतं की 'इल्लीगल', 'इन्व्हॅलिड' असले दटावणारे शब्द वापरू नका, काय करायचं ते सांगा. १९८२! तेव्हा मी लाल शाईच्या बाटल्या संपवत होते.

सगळ्यात मोठा विनोद माझ्या हातून झाला. पायथनमध्ये नावं देवनागरीतही देता येतात, २००८ सालच्या ३.० पासून. हे कळल्यावर मला कोण आनंद! मी तिला बाजूला सारून स्वतः टंकलं: गुण, मग बरोबरचं चिन्ह, मग ३५. अर्थात आपल्या आकड्यांत, दुसरे मला सुचतच नाहीत. मशीन म्हणालं, 'इन्व्हॅलिड कॅरॅक्टर इन आयडेंटिफायर'.

आता मी शाळेतली. दाखले लिहून लिहून कॅरॅक्टर म्हणजे चारित्र्य हे डोक्यात घट्ट. आणि आयडेंटिफायर म्हणजे ओळखपत्र असावं. ओळखपत्रात अवैध चारित्र्य! सत्तरी उलटल्यावर हे ऐकायचं राहिलं होतं. आम्ही दोघी इतक्या हसलो की मावशी लाटणं घेऊन बाहेर आल्या.

खरा अर्थ साधा होता. 'गुण' हे नाव त्याला चालतं, पण प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहिलेला देवनागरी आकडा चालत नाही. आणि मौज अशी की प्रोग्रॅम सुरू झाल्यावर गुण विचारले आणि तिथे ३५ देवनागरीत भरले, तर तो निमूट घेतो, बेरीजही बरोबर करतो! म्हणजे उत्तर मराठीत द्या, प्रश्नपत्रिका मराठीत काढू नका. भाच्याने सांगितलं की नव्या आवृत्तीत निदान तो अमुकच आकडा चालत नाही म्हणून बोट दाखवतात. 'चारित्र्य' मात्र अजून आहेच.

निरोप चांगले झाले म्हणजे सगळं झालं असंही नाही हो. एकदा तिने मराठीचे गुण ३५ दिले, गणिताचे ४०, आणि बेरीज आली ३५४०. लाल अक्षर नाही, काही नाही. ती खूश. "चाललं आजी! काही बोललाच नाही तो." मी म्हटलं, पण बाळा, पस्तीस आणि चाळीस? मग तिच्या लक्षात आलं. आकडे म्हणून घ्यायला सांगायचं राहिलं होतं, म्हणून त्याने ती अक्षरं समजून शेजारी शेजारी चिकटवली. त्याच्या लेखी काही चुकलंच नव्हतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा म्हणाली, "ओरडला असता तर बरं झालं असतं." ही मुलगी कॉलेज सोडणार नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि नव्या आवृत्त्या 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का?' असं विचारतात, नावाचं स्पेलिंग चुकलं की जवळचं नाव सुचवतात, ते बहुतेक वेळा बरोबर असतं. पण बहुतेकच. आपल्या मनात काय होतं हे त्याला कुठून कळणार? मीसुद्धा मुलांची वाक्यं 'सुधारताना' कितीदा त्यांना म्हणायचं होतं त्याच्या उलट करून ठेवलंय. म्हणून मला ते प्रश्नचिन्ह आवडतं. सुचवावं, पण विचारून.

वाचायच्या रीतीचाही एक गोंधळ होता. डिप्लोमाला त्यांना सी ही भाषापण आहे. त्यात एक अर्धविराम विसरला की कधी कधी चुकांची माळच लागते, पण बहुतेक एकाच चुकीची ती पिल्लं असतात. म्हणून सीमध्ये पहिली चूक आधी वाचायची, ती काढली की बाकीच्या बऱ्याचशा जातात. आणि पायथन चालता चालता अडलं की लांबलचक 'ट्रेसबॅक' येतो, तिथे सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचायची. सरकारी पत्रासारखं. संदर्भ क्रमांक एक, संदर्भ क्रमांक दोन, आणि अर्ज नामंजूर हे सर्वांत खाली! मी असं म्हटल्यावर तिने वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: सी वरून, पायथन खालून.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. पास झाली, प्रोग्रॅमिंगला बऱ्यापैकी गुण आहेत. लॅपटॉप तोच आहे. भाच्याने आपला जुना देऊ केलाय, दिवाळीला येईल तेव्हा आणेल.

वही माझ्याकडेच असते, ती येईल तेव्हा लिहिते. परवा आली ती घाईत, उभ्यानेच वही उघडली. कॉलेजात कुणा मैत्रिणीला आलेला नवा निरोप होता: 'इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल'. मी वाचलं. इंट म्हणजे पूर्णांक, एवढं आता कळतं. पण पूर्णांकाला हाक मारता येत नाही, म्हणजे काय? मी विचार करत बसले. म्हटलं, कंस राहिला असेल कुठेतरी.

"नाही आजी. तिने बेरजेला 'सम' नाव दिलं होतं. पण 'सम' नावाचा एक कामगार पायथनकडे आधीच असतो, बेरीज करून देणारा. हिने ते नाव आकड्याला दिलं, आणि मग त्याला हाक मारली. आता आकडा काय काम करणार?"

मग खुर्ची ओढून बसली आणि उजव्या पानावर लिहायला लागली. मी म्हटलं, हे घे लाल पेन. ती म्हणाली, नको, पेन्सिल द्या.